सव्वा महिन्याचा शेक

"अजून जरा खाली सरक. कंबर बरोबर शेगडीवर आली पाहिजे."

"आई, भाजतंय गं."

"भाजू दे. कच्चं मडकं भाजल्याबिगर पाणी धरतंय व्हय? बाळंतिणीचं अंग म्हंजे कच्चं मडकंच."

मी सरकायला गेले आणि डावा पाय जागचा हललाच नाही. मग मी तो दोन्ही हातांनी उचलून पलीकडं ठेवला. आईनं ते बघितलं आणि बाजेखालच्या शेगडीत आणखी मूठभर कोळसे टाकले. वर ओवा आणि बाळंतशेपा भुरभुरल्या. धूर माझ्या नाकातोंडात गेला, शेजारी निजलेलं माझं पोर शिंकलं, आणि आई म्हणाली, "बघ, कसा धूर मानवतोय लेकराला."

चैत्र संपत आला होता. वर पत्रा, खिडकीला पोतं ठोकलेलं, दाराला वाकळ. तासगावात त्या दिवसांत शेडवर द्राक्षं वाळून बेदाणा होतो. आमच्या घरात मी वाळत होते. पहिलं बाळंतपण माहेरी, मुलगा झालेला, सगळं कसं यथासांग. पहिले पंधरा दिवस मी चांगली हिंडत-फिरत होते. मग डाव्या तळव्याला मुंग्या आल्या, त्या गुडघ्यापर्यंत चढल्या आणि तिथंच बिऱ्हाड करून बसल्या. पोराला पाजायला मान खाली घातली की मानेतून टाचेपर्यंत सणकन करंट जायचा. आईला सांगितलं तर म्हणाली, "कशाला मान खाली घालतीस? सारखं बघू नये पोराकडं. आईचीच दिष्ट आधी लागती." कढत पाण्याची आंघोळ झाली की उजवा डोळा धुवून निघाल्यासारखा पांढरा व्हायचा, लाल लुगडं राखाडी दिसायचं. तो डोळा मागंही एकदा असाच गेला होता, मी अकरावीत असताना. महिनाभरानं आपणहून परत आला. तेव्हा आईनं शेळीच्या दुधाच्या पट्ट्या ठेवल्या होत्या, त्यामुळं सगळं श्रेय शेळीला मिळालं होतं.

गावातल्या डॉक्टरनी अशक्तपणा सांगितला, टॉनिक दिलं. आईनं बाळंतवात सांगितला आणि शेक वाढवला. पाय जितका लुळा, तितकी शेगडी लाल. शेगडी जितकी लाल, तितका पाय लुळा. हे चक्र तेव्हा आमच्यापैकी कुणाच्याही डोक्यात शिरलं नाही. शिरणार कसं? शेकानं बाळंतीण बिघडते असं म्हणणारं माणूस आमच्याकडं जन्माला यायचं होतं.

आणि दिवस तर संपत आले होते. सव्वा महिन्याला बारसं होतं. बारशाला सासरची माणसं येणार, आणि तिथूनच मला नि पोराला जीपमध्ये घालून जतकडं नेणार, असं ठरलेलं. पण माझे पाय गेल्याची बातमी कुणीतरी आधीच पोचवली होती. हिरावन्संचा निरोप आला: "पायानं चालत जीपमध्ये बसली तर आमची. लोळागोळा आमच्या दारात नको. पोरगं मात्र आमचं हाय, ते आम्ही नेणार."

हिरावन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. मूल होईना म्हणून नवऱ्यानं टाकलेली, भावाच्या घरी येऊन राहिलेली. सासू माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या, त्यामुळं किल्ल्या वन्संच्या कमरेला. माझा नवरा संपत प्राथमिक शाळेत मास्तर. वर्गात पोरांना असा दरडावायचा की बाकं हलायची, आणि घरात बहिणीपुढं त्याची पाटी कोरी. वाईट नव्हता हो. वाईट माणसाशी भांडता तरी येतं.

"निरोप देऊ दे काय बी," आई म्हणाली. "मी तुला बारशात उभी करणार. न्हाई केली तर नावाची हौसाबाई न्हाई."

आता आबांचं सांगते. माझे वडील बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजवर मुकादम होते. आमच्याकडं त्याला नुसतं 'कोल्ड' म्हणतात. आत बेदाण्याच्या पेट्यांच्या थप्प्या छतापर्यंत, मधून अरुंद गल्ल्या, आणि गारठा असा की हमालसुद्धा कानटोपी घालून आत जातात. एकदा डॉक्टरकडून परत येताना भर उन्हात रिक्षात मी चिंधीसारखी पडले होते. आबांना वाटेत कोल्डच्या किल्ल्या द्यायच्या होत्या. उन्हात मला सोडवेना म्हणून त्यांनी उचलून आत नेलं, एका पेटीवर बसवलं, अंगावर आपला तिथला कोट टाकला. थोडा वेळ गेला. आणि मी आपली उठले. पेटीवरून, कुणाचा हात न धरता.

"आबा," मी म्हणाले, "पाय आला."

आबांनी माझ्याकडं बघितलं आणि तिथंच पेट्यांना टेकून रडायला लागले. मोठा माणूस, मिशीवाला, हमालांना आईमाईवरनं शिव्या घालणारा. मग डोळे पुसून म्हणाले, "हे तुझ्या आईला सांगू नकोस. ओल्या बाळंतिणीला बर्फात नेलं म्हटल्यावर ती मलाच शेगडीवर ठेवील."

त्यानंतर इंजेक्शनचं निमित्त करून त्यांनी मला बऱ्याचदा तिथं नेलं. आत मी चालायची. बाहेर आले, ऊन लागलं, घरी आले, शेक घेतला, की पुन्हा लोळागोळा. आबा म्हणायचे, "देवाचं काय तरी हाय त्या खोलीत." मला देवबिव काही वाटत नव्हतं. मला फक्त त्या खोलीत पोराला घेऊन राहावंसं वाटायचं.

बारशाच्या आदल्या दिवशी दुपारी जीप आली. मी नुकतीच शेक घेऊन बाजेवर पडलेली, घामानं निथळत. वन्सं दारातली वाकळ सारून आत आल्या, पोराकडं गेल्या, त्याला उचललं, उलटं-सुलटं करून बघितलं. मग माझ्याकडं वळल्या.

"ऊठ की. थोरली नणंद आलीया, पाया पडायची रीत हाय का न्हाई तुमच्यात?"

मी उठायला गेले. कोपरावर आले आणि तिथंच राहिले. संपत दारात उभा होता. त्यानं मान दुसरीकडं वळवली.

"मग खरंच हाय म्हणायचं," वन्सं म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, तेच वाईट. गिऱ्हाइकानं फडकं उलगडून भोक दाखवावं तसा आवाज. "संपत, उद्या बारसं उरकू, पोरगं घेऊ आणि निघू. हिला बरं वाटल्यावर बघू."

"पोरगं पितंय अजून अंगावर!" आई म्हणाली.

आणि आबांचा धीर सुटला. माझ्या बापाचं एवढंच चुकलं, की त्याला आपल्याजवळचा हुकमाचा पत्ता दाखवायची घाई झाली. "चालतीया ती!" ते ओरडले. "चांगली चालतीया. चला, आत्ताच्या आत्ता दाखवतो. चला माझ्यासंगं."

पोर आईजवळ ठेवून आम्ही जीपमधनं कोल्डवर गेलो. मला आबांनी नि संपतनं धरून आत नेलं. वन्संनी पदर डोक्यावरून गच्च घेतला, तरी त्यांचे दात वाजत होते. मी पेटीवर बसून राहिले. मग हळूहळू पोटरीतल्या मुंग्या थांबल्या, घोट्याला जीव आला, उजव्या डोळ्यातलं धुकं सरलं आणि वन्संच्या कपाळावरचं कुंकू मला लालभडक दिसलं.

मी उठले. पेट्यांच्या गल्लीतून सरळ टोकापर्यंत चालत गेले, भिंतीला हात लावला, वळले आणि परत आले. शेवटी शेवटी तर मी मुद्दाम झपाझप चालले. संपत हसला. लग्नानंतर त्याला असं तोंडभर हसताना मी पहिल्यांदाच बघत होते. त्यानं बहिणीसमोर माझा हात धरला.

"माला! अगं, काय झालंय तुला? ठणठणीत तर आहेस!"

मी इतकी खूश झाले होते की त्या वाक्यातला खड्डा मला दिसला नाही.

वन्सं बघत होत्या. मग त्यांनी आबांना विचारलं, "मग भाईर का चालत न्हाई ही?"

"गारव्यात बरं वाटतंय तिला, बाई."

"गारव्यात पाय येत्यात आणि घरात जात्यात? असा कुठला रोग हाय, पाव्हणं? सांगा की."

आबा माझ्याकडं बघायला लागले. मी माझ्या पायांकडं. तुम्ही तिथं असता तर तुम्हालाही सांगता आलं नसतं.

"बरं," वन्सं म्हणाल्या. "उद्या चारचौघांत चालू दे म्हणावं."

घरी येऊन आईला कळलं तेव्हा आईनं कपाळ बडवून घेतलं. आबांना ती बोलली ते मी इथं सांगत नाही. ओली बाळंतीण, सव्वा महिन्याच्या आत, बर्फाच्या खोलीत! म्हणजे महिनाभराचा शेक पाण्यात गेला, गारठा हाडात शिरला, म्हणून पोरीचे पाय येत नाहीत. सगळा उलगडा तिला एका दमात झाला. संपत परसात हात धुताना मला हळूच म्हणाला, "उद्या तेवढं उभं राहा. पुढचं मी सांभाळतो." मी मान हलवली. करंट टाचेपर्यंत गेला.

बारशाच्या दिवशी सकाळी आईनं बंब दोनदा पेटवला.

"आई, आज शेक नको," मी म्हणाले. "आजच्या दिवस नको. मी पाया पडते तुझ्या."

"आजच तर पाहिजे. शेवटचा शेक हाय, सव्वा महिन्याचा. आज तुला उभं राहायचंय माला, कळतंय का तुला? आज न्हाई उभी राहिलीस तर ती बाई पोर नेणार हाय."

"शेकानंच जास्त होतंय मला. खरं सांगते."

"शेकानं कुणाला कधी झालंय? माझी पाच बाळंतपणं ह्याच शेकावर निघाली."

हळद-तेल लावून तिनं मला अशी चोळली की कातडी पेटली. मग तांब्यावर तांब्या. वाफेनं न्हाणीत काही दिसत नव्हतं. ती पाणी ओतत होती आणि रडत होती, आणि मध्येच म्हणत होती, "उभी राहा गं माझी बाय, उभी राहा." मग बाजेवर घेतलं. त्या दिवशी बाजेखाली दोन शेगड्या होत्या. अंगावर वाकळ, डोक्याला रुमाल. मी रडलेसुद्धा नाही. रडायलाही अंगात काहीतरी लागतं.

बारसं दुपारी होतं. अंगणात मांडव, मधे पाळणा, गल्लीतल्या बायका दाटीवाटीनं बसलेल्या. मला हिरवी साडी नेसवून उंबऱ्यापर्यंत आणलं. आई दंडाला धरून पुढं निघाली तर वन्सं म्हणाल्या, "सोडा की. चालतीया म्हणत हुता न्हवं?"

आईनं हात सोडला. मी भिंत धरून निघाले. मग मांडवाचा खांब धरला. उजवा डोळा गेलेलाच होता, डाव्यानं पाळणा दिसत होता. डावा पाय मी कमरेतून फेकत होते आणि उजवा थरथरायला लागला होता. पण पोचले. पाळण्याला पोट टेकवून उभी राहिले. बायकांनी कौतुकानं हुश्श केलं. मी संपतकडं बघितलं. त्यानं मान डोलावली.

बारशाची रीत तुम्हाला माहीतच आहे. पाळण्याच्या एका अंगाला आई, दुसऱ्या अंगाला आत्या. आईनं पाळण्याखालून पोर द्यायचं, कुणी गोविंद घ्या म्हणत. आत्यानं पाळण्यावरून परत करायचं, कुणी गोपाळ घ्या म्हणत. मग आत्यानं कानात नाव सांगायचं आणि बायकांनी तिच्या पाठीत बुक्क्या घालायच्या.

माझ्या हातात पोर दिलं. खांबाला खांदा लावून मी वाकले. मान खाली गेली, करंट गेला, तरी पोर मी खालून नीट दिलं. "गोविंद घ्या," मी म्हणाले. वन्संनी घेतलं. माझं अर्धं झालं होतं. मी सरळ झाले, हात पुढं केले.

"गोपाळ घ्या," वन्सं म्हणाल्या आणि पाळण्यावरून पोर पुढं केलं.

मी घेतलं. त्याचं वजन हातावर आलं, आणि दोन्ही गुडघे एकदम गेले. विजेचा खटका खाली पडतो ना, तसे. पोर निसटलं. वन्संचा हात अजून त्याच्याखालीच होता. त्यांनी त्याला झेललं, छातीशी धरलं आणि दोन पावलं मागं सरकल्या. मी पाळण्याच्या दोरीला लोंबकळत खाली आले.

"टाकलं! पोर टाकलं हिनं!" कुणीतरी किंचाळलं.

वन्सं किंचाळल्या नाहीत. त्या सगळ्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलल्या. "काल ह्या बाईला मी ह्या डोळ्यांनी चालताना बघितलंय. कोल्डात. घोडीवाणी चालत हुती, हिच्या बापानंच दाखवली. संपत, तूबी बघितलंस. बोल. बघितलंस का न्हाई?"

संपत मांडवाच्या खांबाकडं बघायला लागला.

"बोल की! चालत हुती का न्हाई?"

"होती," संपत म्हणाला.

"मग हे काय हाय? हिला नांदायचं न्हाई आपल्यात. त्यापायी पोर आपटायला निघाली. अशी आई दुश्मनालाबी नको."

मी मातीत पडल्या पडल्या म्हणत होते, खोटं नाही, सोंग नाही, पाय येत नाहीत. पण माझी जीभही जड झाली होती. ती अक्षरं तोंडातून लडबडत बाहेर आली, आणि एक बाई दुसरीला म्हणाली, "आता बोबडं बोलाय लागली बघ."

आबा हात जोडून वन्संच्या मागं धावले. आई धावली. "अवो, पितंय ते अजून! दूध पितंय!"

"म्हस हाय आमच्याकडं," वन्सं म्हणाल्या.

"नाव तरी ठिवा! पाळण्यातनं बिननावाचं नेऊ नका!"

"आमच्या घरात ठिवू."

जीप सुरू झाली. पोर रडत होतं, आणि त्याच्या रडण्यानं माझ्या छातीला पान्हा फुटला. हिरवी साडी छातीवर काळी झाली. शरीराला काही लाज नसते. जीपचा आवाज वळणावर जाऊन संपला तरी दूध यायचं थांबलं नाही.

बायका उठून गेल्या. घुगऱ्या तशाच राहिल्या. मला आत आणून नुसत्या फरशीवर टाकलं, कारण शेगड्या पेटवायचं त्या दिवशी कुणाला सुचलं नाही. ऊन उतरलं. दारातली वाकळ काढलेली होती, वारा सुटला, फरशी पाठीला गार लागत होती. दिवेलागणीला माझा उजवा पाय हलला. मग डावा. मी भिंतीला धरून उठले आणि पाणी प्यायला रांजणाकडं चालत गेले.

आई चुलीपुढं बसली होती. तिनं मान वर केली. मला बघितलं, माझ्या पायांकडं बघितलं, आणि तिचा चेहरा मी कधी बघितला नव्हता तसा झाला.

"मग दुपारी का न्हाई गं उभी राहिलीस?" ती म्हणाली.

वन्संचं बोलणं मी विसरू शकले असते. परक्याचंच ते. हे नाही विसरले.

पुढं आणखी वाईट झालं. मी बरी झाले. पावसाळ्याच्या तोंडाशी मुंग्या गेल्या, डोळा परत आला, आषाढात मी विहिरीवरून दोन कळशा आणायला लागले. आबांना घेऊन पोराला आणायला गेले तर वन्संनी दारातच अडवलं, वरपासून खालपर्यंत बघितलं. "पोर गेलं, तशी ठणठणीत झालीस की गं," म्हणाल्या. आतून पोराचा आवाज येत होता. संपत शाळेत होता म्हणे. रविवार होता.

दीड-दोन वर्षांनी तोच डोळा पुन्हा गेला आणि उजव्या हातातून भाकरी गळायला लागली. आबांनी मला मिरजेला मोठ्या डॉक्टरकडं नेलं. आईही आली. बोगद्यासारख्या यंत्रात घालून डोक्याचे आणि मणक्याचे फोटो काढले, पाठीतून पाणी काढलं. डॉक्टर तरुण होता, भला होता, वेळ काढून बोलला.

"मल्टिपल स्क्लेरोसिस म्हणतात याला. आपल्या नसा म्हणजे वायरी समजा. वायरीवर जसं रबर असतं तसं नसांवरही वेष्टन असतं. आपल्याच शरीरातली राखणदार फौज चुकून त्या वेष्टनाला शत्रू समजते आणि कुरतडते. डोळ्याच्या वायरीवर कुरतडलं की डोळा जातो, मणक्यात कुरतडलं की पाय. मान वाकवल्यावर करंट बसतो तो यानंच."

"कशानं हुतंय हे?" आबांनी विचारलं.

"नेमकं अजून कुणालाच माहीत नाही. थोडा कल जन्मतः असतो, थोडं बाहेरचं काही निमित्त होतं. पण करणी नाही, पाप नाही, कुणाचं कुणाला लागत नाही. बाळंतपणामुळं होत नाही, पण असलेला रोग बाळंतपणानंतरच्या तीन-चार महिन्यांत उसळी मारू शकतो. आणि तो सगळ्यांत एकसारखा नसतो. काहींचा पहिल्यापासून वाढतच जातो. यांचा येतो-जातो असा आहे. झटका येतो, ओसरतो, मधे माणूस अगदी धडधाकट दिसतो. पुढं काही वर्षांनी कधीकधी तोही न ओसरता वाढायला लागतो."

"गारव्यात मी चालायची," मी म्हणाले. "उन्हात पडायची."

डॉक्टरचा चेहरा उजळला. इतकं नेमकं सांगणारे पेशंट त्याला रोज भेटत नसणार. "बरोबर! अंग तापलं की कुरतडलेल्या वायरीतला करंट तुटतो. ऊन, ताप, कढत पाण्याची आंघोळ, शेक. अंग गार झालं की परत येतो. घाबरू नका, त्यानं रोग वाढत नाही. तेवढ्यापुरतं असतं ते."

तो धीर द्यायला म्हणाला. तेवढ्यापुरतं. माझं पोर त्या तेवढ्यातच गेलं होतं.

आई इतका वेळ पदराचं टोक पिळत बसली होती. "डॉक्टर," ती म्हणाली, "म्हंजे त्या दिवशी सकाळी मी शेक दिला नसता, तर..."

डॉक्टरला काहीतरी उमगलं. तो फोटोंकडं बघायला लागला. "असं नक्की कधी सांगता येत नाही, मावशी."

आई माझ्याकडं वळली. "माला?"

"त्या दिवशी तू मला विचारलंवतंस," मी म्हणाले, "दुपारी का उभी राहिली न्हाईस म्हणून. हे त्याचं उत्तर."

आईनं पदराचा पिळा सोडला आणि परत पिळायला घेतला. एसटीतही पिळतच होती.

आबांना मात्र हुरूप आला. खोटं ठरलेलं माणूस खरं ठरलं, आता पोर मिळणार, असं त्या भोळ्या माणसाला वाटलं. ते फोटो बगलेत मारून दुसऱ्याच दिवशी जतला गेले. वन्संनी सगळं ऐकून घेतलं, संपतकडून कागद वाचून घेतला, आबांना चहा दिला. मग म्हणाल्या, "म्हंजे रोग खराच हुता म्हणा की. बिचारी. मग तर पोर आणलं ते लई बरं झालं. असल्या हातात कोण लेकरू देईल?" आबा परत आले आणि फोटो कपाटावर ठेवून झोपले. मी खोटी होते तोवर खोटी म्हणून पोर मिळालं नाही, खरी निघाले तेव्हा रोगी म्हणून. पोराचं नाव अभिजित ठेवलंय, एवढं आबा विचारून आले होते. वन्संना तो आई म्हणतो, हे त्यांनी मला सांगितलं नाही, पण गावात सांगणारे कमी नसतात.

मिरजेहून आलो त्याच्या दुसऱ्या दिवसापासून आईनं स्वतःसाठी बंब पेटवणं बंद केलं. गार पाण्यानं आंघोळ. पौषातही. संधिवातानं तिची बोटं वाकडी झाली, तरी ती पहाटे रांजणातलं पाणी तांब्यानं अंगावर घ्यायची आणि न्हाणीतून तिचे दात वाजलेले ऐकू यायचे. आबा म्हणायचे, "अगं, हाडं गोठतील." ती म्हणायची, "गोठू देत." ते ऐकायला मी शेजारच्या खोलीत असायची. आधी काठीवर, मग चाकांच्या खुर्चीत, कारण माझा येणारा-जाणारा रोग पुढं येऊनच राहिला, डॉक्टर म्हणाला होता तसा. तिनं मला शेकलं ते मायेनं, हे मला कळत होतं. तिच्याइतकी माया माझ्यावर कुणी केली नाही. पण "आई, कढत घे" एवढे तीन शब्द माझ्या तोंडून कधी निघाले नाहीत.

ती गेली ते जानेवारीत, दवाखान्यात. शेवटच्या दिवशी सकाळी नर्स अंग पुसायला गरम पाण्याचं भांडं घेऊन आली. ओला रुमाल लागताच आईनं हात ओढून घेतला. डोळे मिटलेलेच होते.

"गार," ती म्हणाली.

"आजी, थंडी किती पडलीये," नर्स म्हणाली आणि माझ्याकडं बघायला लागली. "ताई, सांगा ना यांना."

आईनं डोळे उघडले. तीही माझ्याकडंच बघत होती. वाट बघत होती, हे मला दिसलं.

मी खुर्ची जरा मागं घेतली, नर्सला जायला वाट व्हावी म्हणून.

"त्या म्हणतात तसं करा," मी म्हणाले. "गारच आणा."